अप्पांची झोप आणि माळ्यावरचे उंदीर

अप्पा दांडेकरांची झोप उडाली ती उंदरांमुळे. म्हणजे उंदीर गेल्यामुळे. बावीस वर्षं त्यांच्या खोलीच्या माळ्यावर उंदरांचा धिंगाणा चालत आला होता. दिवा मालवला की वर सुपाऱ्या घरंगळायच्या, जुन्या पंचांगांची पानं कुरतडली जायची, आणि त्या खुडबुडीत अप्पा पाच मिनिटांत घोरू लागायचे. मग प्लेगच्या दुसऱ्या वर्षी, सन अठराशे अठ्ठ्याण्णवच्या आरंभी, गिरगावात जागोजाग उंदीर मरून पडू लागले. भिकोबाच्या चाळीतले उंदीर शहाणे असावेत. ते मेले नाहीत, एके दिवशी मुकाट्याने निघून गेले. चाळीने सत्यनारायण घातला, सगळे निर्धास्त झोपले, आणि अप्पा एकटे टक्क डोळ्यांनी आढ्याकडे बघत राहिले.

"माळ्यावर काहीच नाही," ते सकाळी बायकोला म्हणाले.

"मग बरंच झालं की," कालिंदीबाई म्हणाल्या.

"बरं काय त्यात? काहीच नाही ते केवढ्याने ऐकू येतं."

कालिंदीबाईंनी यावर वाद घातला नाही. तीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याशी फारसं बोललेल्याच नव्हत्या. कामापुरतं बोलणं आणि बाकीचं समजून घेणं, अशी रीत. त्यांचं कालिंदी हे नाव अप्पांनीच लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं होतं. लिहिलं ते लिहिलं, पुन्हा उच्चारलं नाही. ते त्यांना 'अगं' म्हणत. आणि त्यांनी अप्पांचं नाव घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव मोकळं घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे चाळीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. घ्यायचं तर उखाण्यात, यमकात गुंडाळून, हळदीकुंकवाला. त्या दिवशी बायका बाहेरच्या खोलीत जमल्या की अप्पा आतल्या दाराआड वर्तमानपत्र घेऊन बसत. कालिंदीबाईंची पाळी आली की पान उलटण्याचा आवाज थांबायचा. नाव घेऊन झालं की आतून हळूच खाकरल्याचा आवाज यायचा. एवढीच काय ती त्या गृहस्थांची चैन होती, आणि ती आपल्याला ठाऊक आहे हे कालिंदीबाईंनी कधी दाखवलं नव्हतं.

अकरा दिवस जागून काढल्यावर अप्पा खोताच्या वाडीत डॉक्टर परेरांकडे गेले. परेरांनी बारा पुड्या बांधून दिल्या. सल्फोनल नावाची पांढरी, बेचव पूड, झोपेसाठी विलायतेत नवीनच निघालेली. ती कशी घ्यायची, कधी घ्यायची नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. पण सुरुवातीलाच त्यांच्या हातून एक चूक झाली. "तुम्ही दारू घेता का?" असं त्यांनी विचारलं.

अप्पांच्या डोक्यात तिडीक गेली. दांडेकरांच्या सात पिढ्यांत दारूचा थेंब कोणाच्या जिभेला लागला नव्हता, आणि हा मनुष्य तोंडावर विचारतो. पुढचं सगळं त्यांनी ऐकलं ते नुसतं कानांनी. घरी आले तेव्हा त्यांना पुड्या आठवत होत्या आणि तो प्रश्न आठवत होता. मधलं सगळं वाहून गेलं होतं.

"कशाबरोबर घ्यायची?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"कशाबरोबर म्हणजे? झोपताना घ्यायची."

इथे शेजारच्या जाईबाई मध्ये पडल्या. जाईबाई म्हणजे चाळीचं धर्मपीठ. सुतक, सोवळं, उपास, उखाणे, सगळ्याचा निवाडा त्यांच्याकडे. "अनुपानाशिवाय औषध कुठे असतं का?" त्या म्हणाल्या. वैद्याची मात्रा नुसती घेत नाहीत, मधातून, तुपातून, कशातून तरी घेतात, ते अनुपान. ते नसेल तर औषधाला अंगात वाटच सापडत नाही. आणि ही तर म्लेंच्छांची पूड. तिला शुद्ध काहीतरी हवंच.

कपाटात द्राक्षासव होतं. भुलेश्वरच्या वैद्याकडचं, पोटासाठी आणलेलं, महिनाभर बरणीत मुरलेलं, गोड आणि जरासं झणझणीत. कालिंदीबाईंनी आपल्या हातांनी चार पळ्या आसव वाटीत ओतलं, त्यात पुडी ढवळली आणि नवऱ्यापुढे धरली. आसव का झणझणतं याचा विचार दांडेकरांच्या सात पिढ्यांत कोणी केला नव्हता.

त्या रात्री झोप आली नाही. झोप आली दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, फोर्टातल्या कापसाच्या पेढीत, कामावर, हातात टाक असताना. शिपायाने घरी आणून सोडलं. अप्पांनी निष्कर्ष काढला की जागरणाने डोळा लागला, पुडीचा उपयोग झाला नाही, म्हणून त्या रात्री दोन घेतल्या. आसवही आठ पळ्या. ती झोप परत दुपारीच उगवली, जेवताना, घास हातात धरून. ते पेढीत जायचे थांबले. पाचव्या दिवशी त्यांचा पाय वाकडा पडू लागला. सहाव्या दिवशी जीभ जड झाली, "वरण" म्हणायला गेले की "वडण" यायचं. चाळीत कुजबूज सुरू झाली की अप्पा प्यायला लागले. कालिंदीबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी अप्पांना विश्रांतीच्या जोडीला थोडं जास्तच आसव दिलं.

आठव्या दिवशी सकाळी अप्पा उठले नाहीत. आठ वाजले, नऊ वाजले. हलवलं तर मान एका बाजूला पडली. श्वास चालू होता, पण दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जायचा की कालिंदीबाईंचा स्वतःचा श्वास अडकायचा. पुड्यांचा कागद रिकामा होता. शेवटच्या तीन एकदम गेल्या होत्या.

समोरच्या खोलीतले रमाकांत मास्तर धावत जाऊन परेरांना घेऊन आले. परेरांनी पापण्या उघडून पाहिल्या, नाडी धरली, मग उशाची वाटी उचलून हुंगली. मग बरणी हुंगली. मग ते खाली जमिनीवरच बसले.

"मी विचारलं होतं, दारू घेता का म्हणून," ते म्हणाले.

"ते द्राक्षासव आहे," जाईबाई दारातून म्हणाल्या. "औषध आहे ते."

"बाई, द्राक्षांचा रस महिनाभर बरणीत कोंडला की त्याचं काय होतं, ते आमच्या वाडीत लहान पोरांना पण माहीत आहे." परेरा चिडले नव्हते, थकले होते. कालिंदीबाईंकडे वळून त्यांनी सगळं परत सांगितलं, या वेळी ऐकणाऱ्या माणसाला. ही पूड थंड कशात विरघळत नाही, कढत पाण्यातून आणि संध्याकाळीच घ्यायची असते, नाहीतर पोटात बसून राहते आणि दुसऱ्या दिवशी उगवते. एक पुडी झोप आणते. झोप आली नाही म्हणून दुसरी घेतली की पहिली कुठे गेलेली नसते, ती आतच असते. रोज घेतली की साठत जाते. झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांच्यात फार अंतर नाही, आणि दारू पोटात गेली की तेवढंही उरत नाही. दोघं मिळून श्वासच मंद करतात.

"मीच ओतलं," कालिंदीबाई म्हणाल्या.

"आता कोणी ओतलं ते राहू द्या. यांना इस्पितळात न्यायला हवं."

हे ऐकताच गॅलरीतली सगळी चाळ एका आवाजात नाही म्हणाली. इस्पितळाची डोली आली म्हणजे प्लेग, असा तेव्हा सरळ हिशेब होता. डोलीतून अप्पा गेले असते आणि मागोमाग अख्खी चाळ गाठोडी बांधून सरकारच्या प्लेग कॅम्पातल्या झोपड्यांत. आणि डोली बोलवायची गरजच नव्हती. प्लेगचे तपासणीवाले त्याच सकाळी गल्लीत शिरले होते, शेजारच्या चाळीची झडती चालू होती. एक गोरा डॉक्टर, एक शिपाई, एक नावं लिहिणारा कारकून. आजारी दिसला, बरळला, स्वतःचं नाव सांगता आलं नाही, की उचलला. प्लेगचा रोगीही असाच झोकांड्या खातो आणि असाच बोबडा बोलतो.

"मग यांना इथेच जागं करा," परेरा म्हणाले. "कडक कॉफी पाजा, जरा शुद्ध आली की. आणि सारखी हाक मारत राहा. खोल जाऊ देऊ नका."

चाळीने कंबर कसली. रमाकांत मास्तर आणि आणखी एकाने अप्पांना बखोटीला धरून गॅलरीत फिरवलं, पण पाय मागे फरफटत होते. मग त्यांना आणून सोंगट्यांच्या पटापुढे भिंतीला टेकवून बसवलं, समोर मास्तर बसले, म्हणजे पाहणाऱ्याला डाव चाललाय असं वाटावं. अप्पांच्या हातात कवड्या दिल्या. त्या सांडल्या. मास्तरांनी बघून सांगितलं की बारा पडले, आणि सवयीने अप्पांची सोंगटी पुढे सरकवली.

"अप्पा," सगळे ओरडत होते. "अहो अप्पा." काही नाही. वर्षानुवर्षं सगळ्यांनीच अप्पा म्हटलेलं. त्या शब्दाची त्यांच्या कानांना फिकीरच उरली नव्हती. परेरांनी करड्या आवाजात "दांडेकर" म्हणून पाहिलं. अप्पांचे ओठ हलले, "येस सर," असं काहीसं आलं, आणि ते पूर्वीपेक्षा गाढ झोपले. पेढीतल्या साहेबाच्या हाकेला झोपेत उत्तर देण्याचा त्यांना सराव होता.

कालिंदीबाई पुढे आल्या. त्यांना दाराआडचं वर्तमानपत्र आठवलं, आणि थांबलेलं पान.

"मी नाव घेते," त्या म्हणाल्या.

"उखाण्यात," जाईबाई म्हणाल्या.

"उखाण्यातच."

त्या नवऱ्याच्या कानाशी बसल्या. परपुरुष डॉक्टर समोर, सगळी चाळ दारात, अंगावर रोजचं लुगडं. पण लाजायला वेळ नव्हता. लग्नानंतरचा पहिला उखाणा त्यांनी घेतला:

"चांदीच्या वाटीत केशराचं पाणी,
गंगाधररावांचं नाव घेते, ऐकतंय का कोणी?"

अप्पांची डावी पापणी हलली. परेरा पुढे सरकले. "आणखी," ते म्हणाले.

कालिंदीबाईंनी मंगळागौरीचा घेतला, मग मुलीच्या बारशाचा, मग ती पेणला सासरी गेली तेव्हाचा. तिसऱ्याला अप्पा खाकरले. नेहमीसारखेच, हळू, कोणाला कळू नये अशा बेताने. कालिंदीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मास्तरांनी दोन घोट कॉफी पाजून घेतली, ती गिळली गेली.

पण उखाणे संपले. बाईमाणसाच्या पदरी असे किती असणार, आठ-दहा, तीस वर्षं पुरवून वापरलेले. त्यांनी पहिला परत म्हटला. अप्पा हलले नाहीत. ऐकलेला उखाणा त्यांना चालेना. नवीन हवा होता. खाली गल्लीत बुटांचे आवाज ऐकू येऊ लागले आणि कालिंदीबाई जागच्या जागी जुळवू लागल्या:

"बरणीत आसव, विहिरीत कासव,
गंगाधररावांना, देवा, उठवून बसव."

पापणी हलली. दारातली एक बाई हसली आणि पदर तोंडात कोंबून गप्प झाली.

"गोरा चढतो जिन्याने, बूट वाजती खणखण,
गंगाधरराव, डोळे उघडा एकच क्षण."

डोळे अर्धे उघडले. पांढरे दिसले, मिटले. श्वास परत लांबला. कालिंदीबाई घाईघाईने म्हणाल्या, "परेरा डॉक्टरांची बॅग काळी, गंगाधररावांना कॉफी पाजली..."

"यमक जुळलं नाही," जाईबाई म्हणाल्या. "हा धरता येणार नाही."

"जाईबाई, माणूस जातोय इथे," मास्तर म्हणाले.

"म्हणून का वाटेल तसं नाव घ्यायचं? अशाने दिवस कमीच होतील त्यांचे."

बूट जिन्यात आले. कालिंदीबाईंनी आणखी एक ओळ शोधली. केशर, समई, तुळस, सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. समोर नवऱ्याची छाती होती आणि ती वर यायचं विसरत होती. एक, दोन, तीन, चार मोजले, पाच मोजले. त्यांनी अप्पांचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"गंगाधर," त्या म्हणाल्या.

राव नाही, यमक नाही, काही नाही. असं अप्पांना फक्त त्यांची आई म्हणायची, आणि तिला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

"गंगाधर. गंगाधर, ऊठ. ऊठ रे."

त्या थांबल्याच नाहीत. सातव्या हाकेला अप्पांनी डोळे उघडले, समोर नीट पाहिलं आणि म्हणाले, "ओ."

गोरा डॉक्टर दारात उभा होता. त्याने काखा तपासल्या, जांघा चाचपल्या, ताप पाहिला. गाठ नव्हती, ताप नव्हता. कारकुनाने नाव विचारलं.

"गंगाधर," अप्पा शहाण्या मुलासारखे म्हणाले.

"वय?"

"सात."

"सत्तेचाळीस," मास्तर घाईने म्हणाले. "आकडे अर्धेच सांगायची सवय आहे त्यांना."

गोऱ्याच्या कपाळाला आठी पडली. तो वाकला, अप्पांच्या तोंडाचा वास घेतला, आणि त्याची आठी गेली. परेरा इंग्रजीत पुड्यांबद्दल सांगू लागले, पण त्याने हाताने थांबवलं. त्याला कळायचं ते कळलं होतं. कारकुनाने वहीत लिहिलं आणि दारातल्यांसाठी मोठ्याने वाचलं: दारू प्यालेला, बाकी प्रकृती ठीक. सात पिढ्यांत नव्हतं ते सरकारी वहीत नोंदलं गेलं, आणि भिकोबाच्या चाळीत इतका आनंद झाला की मास्तरांनी कारकुनाला आग्रहाने लाडू दिला.

परेरा दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. श्वास सुधारला, हाकेला ओ येऊ लागली, तेव्हा ते उठले. बरणी त्यांनी मोरीत ओतली. "साठलेलं निघायला आठवडा लागेल," त्यांनी कालिंदीबाईंना सांगितलं. "मग झोप रुसेल. हात कापतील, चिडतील, पुड्या मागतील. देऊ नका. कोणी दुसऱ्या डॉक्टरकडून आणून दिल्या तर त्याही देऊ नका. मला बोलवा."

जाईबाईंनी निवाडा दुसऱ्या दिवशी दिला. मोकळं नाव एकदा घेतलं की एक वर्ष जातं. "सात वेळा घेतलंस तू. मी मोजत होते."

"सात गेली तर गेली," कालिंदीबाई म्हणाल्या. "काल सगळीच जात होती." जाईबाईंना असं उलट उत्तर चाळीत कोणी दिलं नव्हतं. त्यांनी सोळा सोमवार सांगून विषय संपवला, आणि कालिंदीबाईंनी ते केलेही.

आठवड्याने परेरांचं म्हणणं खरं झालं. अप्पांचे हात कापू लागले, झोप जवळ फिरकेना. ते पुड्या मागत, आधी हुकूम म्हणून, मग अजिजीने. कालिंदीबाई नाही म्हणत. त्या दिवसाबद्दल अप्पांना काही आठवत नव्हतं, किंवा तसं ते म्हणत. तिसऱ्या संध्याकाळी ते लवकर अंथरुणावर पडले आणि आढ्याकडे बघत राहिले, तेव्हा कालिंदीबाई देवापुढे दिवा लावून, पदर खोचून, स्वयंपाकघराकडच्या शिडीने माळ्यावर चढल्या.

वर धूळ होती आणि जुनी पंचांगं. त्यांनी अंधारात बसून नारळाच्या करवंटीने फळी खरवडली. एक सुपारी या टोकाकडून त्या टोकाला घरंगळत सोडली. पंचांगाचं पान बोटांनी फाडत राहिल्या. एका सालचं सगळं पंचांग संपेपर्यंत खाली घोरणं सुरू झालं.

सकाळी चाळीत एकच चर्चा. उंदीर परत आले. खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकलं. उंदीर आले म्हणजे साथ सरली, हे सगळ्यांना पटलं, आणि रमाकांत मास्तरांनी घरोघर साखर वाटली. कालिंदीबाईंनीही चिमूटभर घेतली. त्यानंतर त्या रोज दिवेलागणीला वर चढायच्या, तासभर उंदीर व्हायच्या आणि गुडघे धरून खाली उतरायच्या. अप्पांचे हात थांबले. ते पुन्हा पेढीत जाऊ लागले. जाईबाई म्हणाल्या की हा सत्यनारायणाचा प्रभाव.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी कालिंदीबाईंची कंबर धरली. वर चढणं शक्य नव्हतं. त्या स्वयंपाकघरात दाराआड पाटावर बसून राहिल्या आणि कान बाहेरच्या खोलीकडे लावला. अप्पा कुशीवर वळले. परत वळले. बराच वेळ माळ्यावर काहीच नव्हतं, आणि ते दोघांनाही ऐकू येत होतं.

"कालिंदी," अप्पा म्हणाले.

कालिंदीबाईंना वाटलं, भास झाला. तीस वर्षांत ताटातल्या तांदळांखेरीज ते नाव नवऱ्याकडून कुठे आलं नव्हतं. त्या उठल्या नाहीत. हातातली पळी तशीच धरून त्या दाराआड थांबल्या.

"कालिंदी," अप्पा परत म्हणाले, जरा मोठ्याने, "कंबर दुखतेय का? आज वर चढली नाहीस ती."

कालिंदीबाई दाराआडून हळूच खाकरल्या.